बिस्किटाच्या कपाटातली नदी

आबा, तू होतास तवर मी तुला ‘तुमी’ म्हणायचो. आज ‘तू’ म्हणणार हाय. वाईट वाटलं तर वाटू दे. तू जाऊन बारा वर्षं झाली, आता काय बापाच्या हक्कानं उठून कानाखाली द्यायला येणार न्हाईस. आणि सातवी नापास माणसाच्या अक्षराला नावं ठेवायची तर आधी तुला वाचता यायला पाहिजे होतं.

मी मस्कतला हाय. इथं मी काय काम करतो सांगितलं तर तुला हसू येईल. काचेच्या मोठाल्या टाक्यांत नदीचा काठ करतो. टाकी अर्धीच भरायची. खाली वाळू, गोटे, मासे. मागच्या बाजूला दगडांचा उतार रचायचा आणि त्या दगडांच्या फटीत अळू, नेचा, मनी प्लांट अशी बसवायची की मुळं पाण्यात आणि पानं वर मोकळी. माशांच्या घाणीवर झाडं पोसतात, झाडांच्या मुळांनी पाणी निवळ राहतं. बाहेर नुसता खडक नि ऊन. हॉटेलचं दार ढकललं की समोर आपल्या पंचगंगेचा काठ. लोक थांबतात, फोटो काढतात, माझ्या अंगावरचा चिखल फोटोत येऊ नये म्हणून मला बाजूला व्हायला सांगतात.

आज सकाळी असंच झालं. एका हॉटेलात आठ दिवस राबून टाकी लावली. मी स्टुलावर, कोपरापर्यंत हात पाण्यात. हॉटेलची मोठी बाई बघायला आली. माझा मालक पुढं झाला, कोटाचं बटन लावलं आणि म्हणाला, “मेरा डिझाइन है मॅडम. एक एक पत्ता मैंने लगाया.” ह्याच्या आधी तीनदा असंच म्हणालाय, तिन्ही टायमाला मी गप्प बसलोय. आज डोकं सटकलं. स्टुलावरूनच म्हणालो, “झूठ बोलता है. मैंने लगाया. इसको पूछो, इसमें से एक पत्ते का नाम बोलके दिखाए.” बाईला हसू फुटलं. मालकाचं तोंड कारल्यासारखं झालं. नोकरी ऱ्हाते का जाते ते उद्या कळंल. पण खरं सांगू? राग मला त्याचा आलाच न्हाय. तुझा आला. त्याच्या तोंडातनं तूच बोलत होतास.

मी तेरा वर्षांचा होतो. बेकरीवाल्यानं खारी-बिस्किटाचं जुनं काचेचं कपाट उकिरड्यावर टाकलं होतं, एका बाजूची काच तडकलेली. ते मी सायकलच्या कॅरेजवर दोरीनं बांधून, हातानं सायकल ढकलत घरी आणलं. काचवाल्याच्या पाया पडून चिकटवायची उरलीसुरली ट्यूब मागितली. काचांच्या शिवणी भरल्या. तीनदा पाणी भरलं, तीनदा गळलं. निम्म्याच्या वर पाणी चढलं की वरची शिवण पाझरायची, आणि आई फडकं घेऊन माझ्या मागनं शिव्या देत फिरायची. शेवटी मी म्हटलं, मर तिच्यायला, निम्मंच भरतो. मग वरची निम्मी काच मोकळी-मोकळी, भकास दिसाय लागली म्हणून तिथं जांभ्याचे तुकडे रचून काठ केला. ही असली टाकी जगात आणि कुणी करतं, तिला दुकानं असतात, हे मला इथं आल्यावर कळलं. माझी तर गळत होती म्हणून झाली.

आपल्या न्हाणीच्या मागं सांडपाण्यावर अळू माजलं होतं. त्यातलं एक मी पानाच्या दांड्याला धरून उपटाय लागलो आणि पाठीत तुझा धपाटा बसला. “मानंला धरून वडतोस व्हय रं? कोंबडी हाय काय ती? गड्ड्याखाली हात घाल.” मग तूच चिखलात बसलास, पॅन्ट गुडघ्यापर्यंत सारून, आणि गड्डा असा उचललास जसं आई तव्यावरची भाकरी उचलते. जांभ्याच्या फटीत तो तूच बसवलास. पाण्याच्या वर दोन बोटं आडवी धरलीस. “ह्याला पाय पाण्यात लागत्यात आन मान वाऱ्यात. मान बुडली की खेळ खलास. दोन बोटं. इसरू नगंस.” आई चुलीपासनं ओरडते, “वडीला पानं न्हाईत आन बापल्योक कपाटात लावाय लागल्यात!” आणि तू हसतोस. मला अजून ते हसणं दिसतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. त्या दिवशी हसला नसतास तर पुढचं मी सोडून दिलं असतं.

मामाच्या गावच्या, बिद्रीकडच्या ओढ्यातनं मी बारके मासे आणले. महिन्यात अळूनं वर पानं काढली, नेच्याचे बोळे उलगडले. गल्लीतली पोरं रांग लावून बघायची. आणि एका रविवारी तू म्हणालास, “साहेबास्नी दाखवाय न्यायचं हाय.” तू ज्या बंगल्यावर माळी होतास तिथले साहेब. मी अंघोळ केली, पंधरा ऑगस्टचा शर्ट घातला. टेम्पोत अख्खा रस्ता कपाटाला मिठी मारून बसलो. मला वाटलेलं, साहेब मला विचारणार.

साहेबांनी विचारलं. हॉलमध्ये, सगळी पावणेमंडळी बसलेली असताना. “अरे वा! हे कुणी केलं रे?”

आणि तू म्हणालास, “म्याच की साहेब. फावल्या येळंत.”

“आणि हा कोण?”

“पोरगं हाय. बादली धराय आणलंय.”

बादली धराय. आबा, तेरा-चौदा वर्षांत मी लय माणसांच्या शिव्या खाल्ल्या. पुण्यात गवंड्याच्या हाताखाली खाल्ल्या, इथं चार भाषांत खाल्ल्या. एकही एवढी लागली न्हाय. वर तू माझ्याकडं बघितलंस, गप्प बस म्हणून. मी बसलो. साहेबांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि कपाट तिथंच राहिलं. मला विचारलंसुदिक न्हाईस. येताना टेम्पोत तू मला भजी घेऊन दिलीस. मी ती रस्त्यात टाकली. तू खाली वाकून बघितलंस.

आई नंतर म्हणाली, साहेब त्या महिन्यात दुसरा माळी बघत होते, नर्सरीत शिकलेला. तुला कायतरी करून दाखवायचं होतं. असंल. मी मान्य करतो. पण “पोरानं केलंय साहेब, मी शिकवलंय” एवढं म्हणायला काय झालं असतं? त्यात तुझंबी नाव आलं असतं, माझंबी आलं असतं. तुझी जीभ का अडली? का तुला वाटलं, माळ्याच्या पोराच्या हातचं म्हटलं की साहेब त्याला खेळणं म्हणून गच्चीवर ठेवतील? हे मी तुला तेव्हा विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं न्हाय, मी बोलणंच टाकलं.

तीन आठवड्यांनी काय झालं ते सगळ्या गल्लीला माहीत हाय. तू हॉलमधल्या त्या कपाटात काठोकाठ पाणी भरलंस. दुपारी शिवण फुटली. गालिचा भिजला, मासे सोफ्याखाली तडफडले, आधीच मानेपर्यंत बुडालेलं अळू आडवं झालं. तू संध्याकाळी घरी आलास तो गुडघ्यापर्यंत ओला, कामावरनं काढलेला. हातात फडक्यात गुंडाळलेला अळूचा गड्डा. तेवढा एक मागून आणलास. आईनं विचारलं, काय झालं. तू म्हणालास, “पाणी जास्त झालं.” न्हाणीमागं गड्डा लावलास आणि जेवायला बसलास. मी समोरच बसलो होतो. तू माझ्याकडं भाकरीचं टोपलं सरकवलंस.

त्यानंतर तू दुसऱ्याच्या नर्सरीत कुंड्या उचलल्यास. दीड वर्षानं कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध घेत बसलास, दवाखान्यात उशिरा गेलास, आणि संपलास. ह्याचाबी राग हाय. पण सगळ्यात जास्त राग कशाचा हाय, ते मी कुणाला सांगितलं न्हाय, आईलाबी न्हाय.

ते फुटायच्या आदल्या दिवशी तू माझ्यापाशी येऊन बसला होतास. आयुष्यात पहिल्यांदा तू मला काय तरी विचारलंस. “एसीत पानं पिवळी पडाय लागल्यात रं. काय करू? तुला म्हाईत.” तुला म्हाईत, असं म्हणालास. आणि मी, वहीतनं डोकं वर न काढता म्हणालो, “पाणी कमी पडतंय. काठोकाठ भरा.”

निम्म्याच्या वर ते कपाट गळतं, हे तू तीनदा डोळ्यांनी बघितलं होतंस. अळूची मान बुडवायची न्हाय, हे तूच मला शिकवलं होतंस. तुला पक्कं माहीत होतं की मी खोटं सांगतोय. मग भरलंस का? माझ्यावर खरंच विश्वास होता, का फेडायचं म्हणून भरलंस? आणि भरलंस तर भरलंस, वर गप्प का बसलास? “तू सांगितलंस म्हणून माझं काम गेलं” असं म्हणून एक मुस्काटात दिली असतीस तर तिथल्या तिथं फिटलं असतं. तू मला ते दिलं न्हाईस. भाकरी दिलीस. आता मी तेरा-चौदा वर्षं ती भाकरी गिळतोय.

आज ती हॉटेलची बाई हसून झाल्यावर मला म्हणाली, “अच्छा, तुमने बनाया. किसने सिखाया?” मालक बघत होता. मला म्हणता आलं असतं, कुणी न्हाय, माझं मीच शिकलो. तेच म्हणायचं होतं. तोंडातनं आलं, “बाप ने. माली थे.” वर अळूपाशी दोन बोटं आडवी धरूनबी दाखवली.

हॉटेलातल्या त्या टाकीच्या लोखंडी स्टँडचा एक पाय फरशीवर नीट बसत न्हाय, पाणी एका बाजूला झुकलेलं दिसतं. उद्या नोकरी राहू दे न्हायतर जाऊ दे, पहिल्यांदा जाऊन हा कागद चार घड्या घालून त्या पायाखाली सारतो. खोटं मी मुद्दाम सांगितलं होतं, आबा. आणि तुझं कपाट फुटलं हे कळल्यावर सगळ्यात आधी मी हसलो होतो.