गुप्त तक्रारीचा जाहीर सत्कार

मंगळवार, संध्याकाळ

पेटीतली पहिली निनावी चिठ्ठी आज हजेरीच्या वेळी सगळ्या कामगारांसमोर वाचली गेली. ताडकळस रस्त्यावरच्या तेलगिरणीच्या मॅनेजरनं हे मला स्वतः फोनवर सांगितलं, वर आमच्या पेपरात बातमीही मागितली. कायद्यासाठी गुप्त तक्रारपेटी बसवली, नारळ फोडला. आता ती चालते हे जगाला दिसायला नको? म्हणून शाल आणली. ज्यानं लिहिलं त्यानं पुढं यावं, सत्कार करू म्हणे. शाल! हा मूर्खपणा की डाव, मला अजून ठरवता येत नाही.

चिठ्ठी बॉयलरवरच्या भीमरावची. जादा वाफ सोडणारी झडप तारेनं बांधून ठेवलीय, एवढंच त्यात होतं. मघाशी तो माझ्या घरी आला.

“साहेब, शाल कशाची, घरी बसवायचा गेटपास हाय तो. म्या मान खाली घालून उभा.”

“आणि झडप?”

“बांधलेलीच हाय की. पेटीसाठी टाळ्या वाजवल्या अन् लागलो कामाला.”

मॅनेजरला झडपेचं विचारलं, तर तो विषय वेगळा म्हणे.

सत्कार राहून जायला नको, म्हणून उद्या सकाळी सहाला प्रत्येकानं कागदावर चार ओळी लिहून द्यायच्या. अक्षर चिठ्ठीशी जुळवणार आहेत. मग बॉयलर पेटेल. भीमराव पेटवेल, नाहीतर दुसरा कुणी.