युरोपच्या रांगेत शिरीषकाका

शनि., २० सप्टेंबर. नॉटिंगहॅम

काय घडलं ते आधी क्रमाने. मत नंतर.

१. गेल्या शनिवारी, १३ तारखेला, इथल्या मराठी मंडळाची गणपतीनंतरची वादसभा झाली. विषय : ब्रिटनने पुन्हा युरोपच्या जवळ जावं का?

२. आमच्या मंडळात बाजू चिठ्ठीने ठरते. स्टीलच्या डब्यात हात घालायचा, निघेल ती बाजू मांडायची. स्वतःचं मत घरी ठेवायचं. मला 'जावं' निघाली. मंडळातले जुने, इथेच वाढलेले शिरीषकाका, त्यांना 'जाऊ नये'.

३. मी सहा मिनिटं बोलले. आमच्या कंपनीत श्वासाच्या यंत्रासाठी सेन्सर बनतो, तो मी तपासते. ब्रेक्झिटपूर्वी एक तपासणी, एक शिक्का. आता इथला वेगळा, युरोपचा वेगळा. तपासणीचा आकडा दोन्हीकडे तोच. शेवटचं वाक्य : "नियम वाटून घेणं म्हणजे गुलामी नव्हे."

४. शिरीषकाकांनी मुद्द्याला उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बोट केलं, त्यांच्या मोडक्या मराठीत : "हिची आजोबा पोर्तुगीजांना घालवायला जेलमध्ये गेला. आणि ही? पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आली! हिला युरोप आवडणारच ना!"

५. लोक हसले. मोजले नाहीत. बरेच.

६. आजोबांची आणि पासपोर्टची गोष्ट मी त्यांना खासगीत सांगितली होती. दोन वर्षांपूर्वी, त्यांच्या स्वयंपाकघरात. ते चहा गाळत होते.

७. शिरीषकाका डिसेंबरातल्या कौन्सिलच्या पोटनिवडणुकीला उभे आहेत. अपक्ष. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या प्रचाराच्या पेजवर चाळीस सेकंदांची क्लिप टाकली. तिच्यात चिठ्ठ्या नाहीत. माझ्या 'गुलामी नव्हे'ने सुरू, हशाने शेवट.

८. गुरुवारी क्लिप डिचोलीजवळच्या आमच्या गावात पोचली.

९. काल बाबांना गावच्या समितीचा निरोप आला. १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, शाळेच्या पटांगणात झेंडा दरवर्षी बाबा फडकवतात, आजोबांचा मुलगा म्हणून. यंदा दुसरं कोणी फडकवेल.

मत : मी हे सोडणार नाही.

रवि., २१ सप्टें.

बाबांना फोन. समितीला काय म्हणालात? "बरं म्हणालो." एवढंच? "मग काय म्हणणार? त्या गृहस्थानं खोटं काय सांगितलं?"

खोटं काहीच नाही. तीच अडचण आहे.

बाबांचा जन्म मुक्तीच्या आधीचा, म्हणून त्यांना लिस्बनला जन्माची नोंद करता आली. त्यांनी ती माझ्यासाठी केली. स्वतः पासपोर्ट काढला नाही, गावात बोलले नाहीत. मराठीचे मास्तर, आयुष्यभर मुलांकडून पंधरा ऑगस्टची भाषणं बसवून घेतली. २०१९ला मी त्या नोंदीवर पोर्तुगीज झाले आणि इथे आले. भारताचा पासपोर्ट जमा केला तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी त्याचा कोपरा कात्रीने कापून परत दिला. ड्रॉवरमध्ये आहे.

यापुढे शिरीषकाका म्हणजे शि. 'काका' लिहायला हात होत नाही.

शनि., २७ सप्टें.

अनघा आली होती. मंडळाची सेक्रेटरी, हॉस्पिटलात फार्मसिस्ट, मूळची नागपूरची. माझ्याजवळ बसून रागावते, म्हणजे मला रागवायला नको.

"तू रडत काहून नाहीस गं कधी? मी असते तर त्याच्या पेजवर जाऊन धिंगाणा घातला असता."

"त्याने त्यालाच जास्त लोक बघतील."

"बाप्पा! हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय."

शिजत नव्हतं. हातात काहीच नाही.

पूर्ण रेकॉर्डिंग तिच्याकडे आहे, चिठ्ठ्यांसकट. बाबांना पाठवलं. त्यांनी समितीला दाखवलं नाही. "चिठ्ठी निघाली म्हणून तू बोललीस, हे मी सांगत फिरू? पासपोर्ट काय चिठ्ठीत निघाला?"

शनि., ४ ऑक्टो.

शि.चा फोन. त्यांचा जन्मही इकडचाच, वय सत्तावन्न. मराठी घरात शिकलेली, बाहेर कधी न वापरलेली.

"ती फक्त जोक होती गं. बँटर! तू एवढा सिरियस का घेते?"

मी सांगितलं की माझ्या वडिलांचा झेंडा गेला. मग : "सॉरी, रिअली. पण माझी पॉइंट बरोबर होती ना? नियम कोणी करायची? मी ज्याला पुढच्या इलेक्शनला काढू शकतो, त्याने. ब्रसेल्सवाल्याला मी कसं काढणार?"

हे वाक्य चांगलं आहे. सभेत हेच बोलले असते तर मला उत्तर शोधावं लागलं असतं. बोलले नाहीत, कारण आजोबा सोपे पडले.

गावच्या समितीला दोन ओळी लिहाल का, विचारलं. "नक्की. इलेक्शननंतर, ओके?"

निवडणूक ११ डिसें. गुरुवार. झेंडा १९ला.

मंगळ., १४ ऑक्टो.

दारातून पत्रक आलं. शि.चा हसरा फोटो, मागे इथला झेंडा. खाली तीन ओळी इंग्रजीत : एक देश. एक पासपोर्ट. एक निष्ठा.

मी त्यांच्याच वॉर्डात राहते. ब्रेक्झिटच्या आधी आलेली युरोपीय म्हणून मला कौन्सिलला मत आहे. हे त्यांना माहीत नसावं.

पत्रक फ्रिजवर लावलं.

सोम., २७ ऑक्टो. लिस्बन

मंडळाची हाफ टर्मच्या शाळासुट्टीतली सहल. जुलैत बुक केलेली. रद्द केली असती तर शि. समजले असते की मी लाजले. सगळ्यांच्या विमानाची नावनोंदणी, पासपोर्ट नंबरांसकट, माझ्याकडे होती. शि. तेवढे म्हणाले होते, "माझी मी करतो, वेगळी फ्लाइट आहे." तेव्हा विचार केला नव्हता.

विमानतळावर रांगा दोन. ब्रिटिश आणि भारतीय पासपोर्टवाल्यांची लांबच लांब, बोटांचे ठसे वगैरे. युरोपवाल्यांची छोटी. अनघा लांबच्या रांगेतून ओरडली, "जा बाई, माहेरी आलीस! आमच्यासाठी चहा टाकून ठेव!" सगळे हसले. या हसण्याने दुखलं नाही. फरक लक्षात ठेवण्यासारखा.

माझ्या रांगेत पुढे चौथा माणूस. राखी टोपी, निळी सॅक. ती मान मंडळाच्या सभांत मागून कितीदा पाहिलेली. शि.ची. हातात मरून रंगाचा पासपोर्ट, वर सोनेरी वीणा. आयर्लंडचा.

वेळ ११.४०.

त्यांनी वळून पाहिलं. काउंटरच्या पलीकडे ते माझ्यासाठी थांबले होते.

"मुग्धा. ऐक. बेलफास्टला जन्म झाली माझी. डॅडी तिथे डॉक्टर होता. नॉर्दर्न आयर्लंड यूकेत आहे, पण तिथे जन्मलेल्याला आयरिश पासपोर्ट पण मिळतं. फक्त रांगेसाठी आहे हा."

"बरं."

"तू... फोटो काढली का?"

माझ्या हातात फोन होता, बोर्डिंग पाससाठी. मी बॅगेच्या पट्ट्याकडे चालू लागले.

फोटो काढलेला नाही. तिथे मनाई आहे, आणि मी मनाई पाळते.

बाकीची मंडळी तासाभराने बाहेर आली. शि. त्यांना सांगत होते, "माझी फ्लाइट आधी आली." सगळ्यांना कस्टर्डचे टार्ट घेऊन दिले. मला दोन. खाल्ले. चांगले होते.

बुध., २९ ऑक्टो. लिस्बन

बाबांची नोंद आहे ते कार्यालय बाहेरून पाहिलं. दार, पायऱ्या, पाटी. आत गेले नाही.

मी या देशाची नागरिक आहे. दुकानात पाणी मागायला बोट दाखवावं लागलं.

आजोबांनी इथल्या सरकारच्या तुरुंगात अडीच वर्षं...

पुढे लिहिता येत नाही. उद्या.

(उद्याही नाही.)

शनि., ८ नोव्हें. नॉटिंगहॅम

अनघाला सांगितलं. तिने आधी टाळी वाजवली, मग तोंडावर हात ठेवला.

"फोटो आहे?"

"नाही."

"आणि त्यांना वाटतंय आहे?"

"त्यांना काय वाटतं ते मी तपासलेलं नाही."

"मुग्धा, तुझी भीती वाटते बरं का कधी कधी."

स्थानिक वर्तमानपत्राला पत्र तयार केलं. चार वाक्यं. तारीख, वेळ, ठिकाण, पत्रकातल्या तीन ओळी. एकही विशेषण नाही. सात वेळा वाचलं. दर वेळी बरं वाटलं.

शनि., १५ नोव्हें.

शि. दारात. छातीवर प्रचाराचं रिबिनीचं फूल, हातात पत्रकांचा गठ्ठा. आत बोलावलं नाही.

"तू माझे फोन घेत नाही."

"कामात होते."

"काय करणार आहे तू?"

"अजून ठरलं नाही."

"बघ, माझी मुलगी नेदरलँड्सला शिकते. तिला पण तोच पासपोर्ट आहे, म्हणून जाऊ शकली. तिची नाव यायला नको. प्लीज."

"माझ्या वडिलांचं आलं तर चाललं?"

खाली पाहिलं. मग, एकदम मोठ्याने : "मी ब्रिटिश आहे! शाळा इथे, काम इथे, डॅडीला इथेच अग्नी दिली. तो नुसता कागद आहे!"

"माझाही कागदच आहे, काका."

'काका' तोंडातून गेलं. सवय.

"सेम नाहीये."

"का?"

मी वाट पाहिली. खरंच पाहिली. ते मान हलवत शेजारच्या दाराकडे वळले, मग त्या दाराची बेल न वाजवताच गाडीकडे गेले.

हे पाहून मला आनंद झाला. लिहून ठेवते, नंतर नाकारायला नको.

रवि., १६ नोव्हें.

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, निदान हसतील.

"त्या माणसाचा जन्म कुठे व्हावा, हे त्याच्या हातात होतं?"

"नाही."

"माझ्या?"

"नाही."

"मग पेपरात काय देणार तू? की ह्याच्याकडे दुसऱ्या देशाचा कागद आहे, म्हणून हा इथला नाही? समिती माझ्याबद्दल तेच म्हणते."

मी म्हटलं, फरक आहे. तुम्ही कुणाला बोट दाखवून हसला नाहीत. तुम्ही पत्रकं वाटली नाहीत.

"मग त्याचं खोटं तेवढं धर. कागद सोड."

मी फोन ठेवून दिला. बाबांचा असा पहिल्यांदा. त्यांना माफ करणं जमतं. मला जमत नाही, आणि शिकायची इच्छा नाही.

दहा मिनिटांनी आईचा फोन. हळू आवाजात. "झेंड्याच्या दिवशीचा पांढरा सदरा धुऊन, इस्त्री करून ठेवलाय गं त्यांनी. काल. मी विचारलं कशाला, तर म्हणतात, कपाटात वास येत होता."

शनि., २२ नोव्हें.

आठवडाभर पत्राच्या चार वाक्यांतलं दुसरं बदलत राहिले. कागद न सांगता खोटं कसं सांगायचं? दोन्ही एकमेकांना चिकटले आहेत. सुटे होत नाहीत.

मी सांगितलं, तर मी सांगितलेलं असेल : बघा, ह्याच्याकडे दुसरा पासपोर्ट आहे. लोक हसतील. हसू तेच, सभेतलं.

त्यांनी स्वतः सांगितलं, तर ते वेगळं. मग तो कागद आणि बाबांचा कागद एकाच टेबलावर येतात.

शिवाय, स्वतःच्या तोंडाने सांगणं जास्त जड आहे. हा भाग बाबांना कळवलेला नाही.

शनि., २९ नोव्हें.

वर्तमानपत्राचं पत्र फाडलेलं नाही. ड्रॉवरमध्ये, कोपरा कापलेल्या पासपोर्टखाली.

शि.ना दुसरं पत्र आज हाताने टाकून आले. मराठीत, माझ्या अक्षरात. त्यांना देवनागरी अडखळत वाचता येते, म्हणजे बायकोकडून वाचून घ्यावं लागेल. ठीक आहे. बायकोलाही कळू दे.

प्रत :

*शिरीषकाकांना,*

*पुढच्या शनिवारी, ६ डिसेंबरला, मंडळाची सभा आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर तुम्ही तीन गोष्टी सांगाव्यात. एक, सप्टेंबरच्या वादसभेत बाजू चिठ्ठीने ठरल्या होत्या. दोन, माझ्या आजोबांची गोष्ट मी तुम्हाला विश्वासाने सांगितली होती आणि तुमच्याकडे माझ्या मुद्द्याला उत्तर नव्हतं तेव्हा तुम्ही ती वापरली. तीन, २७ ऑक्टोबरला लिस्बनच्या विमानतळावर तुम्ही कोणत्या रांगेत उभे होता, आणि का.*

*तुमच्या मुलीचं नाव घ्यायची गरज नाही. मीही घेणार नाही.*

*नियम कोणी करावेत, यावर तुमचं जे मत आहे तेही हवं तेवढा वेळ मांडा. ते ऐकण्यासारखं आहे. मी मध्ये बोलणार नाही.*

*अनघा सगळं रेकॉर्ड करील. न कापता ते आमच्या गावच्या समितीकडे जाईल. १९ तारखेच्या आधी पोचायला हवं, म्हणून ही घाई. तुमचं मतदान ११ला आहे, हे मला माहीत आहे. मी त्या वॉर्डात मतदार आहे.*

*फोटोबद्दल तुम्ही विचारलं होतं. त्याचं उत्तर या पत्रात नाही. तुम्ही बोलला नाहीत तर मी काय करीन, तेही नाही.*

*होय किंवा नाही, एवढंच बुधवार, ३ डिसेंबर, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत लेखी कळवावं.*

*मुग्धा*