श्वशुरमहाशयांचे इंजिन आणि माझे

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगची रात्र

आज टर्की कापण्याचा मान माझ्याकडे होता. त्या उच्चासनाचा लाभ घेऊन, सुरी हातात असतानाच, मी समस्त आप्तेष्टांसमक्ष प्रतिज्ञा केली: येत्या चौदा जूनला श्वशुरमहाशय पंचाऐंशीचे होतील, त्या दिवशी मी त्यांना स्वहस्ते बांधलेल्या विमानातून आकाशात नेईन.

सर्वांनी आपापल्या बशीत माना घातल्या. मी याला भावविवशता समजलो.

श्वशुर (एमिल ड्रेगर, जन्मभर विस्कॉन्सिनच्या शेतांवरून विमानाने औषध फवारत उडाले, हृदयाच्या डॉक्टरांनी परवाना काढून घेतल्यापासून भूचर) म्हणाले, "दातवाल्या, आधी ती सुरी खाली ठेव. आणि मला मांडीचा तुकडा दे."

दातवाला! मी दंतशल्यविशारद आहे. त्यांच्या कन्येशी संसार करून मला सव्वीस वर्षे झाली. या अवधीत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. कुत्र्याला मारतात. कुत्र्याचे नाव बार्थोलोम्यू आहे, म्हणजे उच्चारणाची अडचण नसावी. ही रोजनिशी कोणीच वाचणार नसल्याने लिहून ठेवतो: त्यांच्या तोंडून 'नॉर्बर्ट' ऐकावे, एवढीच माझी इच्छा आहे. विमान हे निमित्त.

निघताना म्हणाले, "कोठारात माझं इंजिन पडलंय. लागलं तर घेऊन जा."

३० नोव्हेंबर

इंजिन पाहिले. विमानाचेच, चार सिलिंडरांचे, वाऱ्याने थंड होणारे, आराखडा माझ्या जन्मापूर्वीचा. श्वशुर दर रविवारी त्यात तेल घालून ते हाताने फिरवतात आणि त्याच्याशी बोलतात. माझ्याशी इतके बोलले असते तर! एकविसाव्या शतकात हे लोहयुगीन धूड मी माझ्या विमानाच्या नाकात बसवावे? शिसारी आली. सौजन्यपूर्वक नकार दिला. कारण सांगितले: पुरातनत्व.

श्वशुर म्हणाले, "जुनं झालं म्हणून नको? मग मार्लिसला काय सांगणार आहेस?"

मार्लिस म्हणजे माझी पत्नी. ती शेजारीच उभी होती. परतीच्या प्रवासात ती गाडीत मागच्या आसनावर बसली.

११ जानेवारी

आमच्या विमानबांध्यांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेची मासिक पॅनकेक न्याहारी. पॅनकेक मध्ये कच्चे, कडेला करपलेले. हेच लोक स्वतःचे विमान स्वतः बांधतात या विचाराने अंगावर काटा येतो. तरीही उभा राहून निर्णय जाहीर केला: माझ्या विमानात मोटारीचे इंजिन बसेल. हरणाने धडक दिलेल्या एका सेडानमधले, केवळ पुढचा दिवा गमावलेले, संगणकनियंत्रित, जलशीतल, तरुण. मोटारीचे इंजिन विमानाच्या नाकावरील पंख्याच्या मानाने फार वेगाने फिरते, म्हणून दोहोंच्या मध्ये पट्टा घालून गती उतरवायची. किरकोळ बाब.

ड्वेन स्कोग्लंड (विमान ठेवण्याचा शेजारचा हँगर त्याचा, व्यवसाय विमा, स्वभाव तोच) म्हणाला, "डॉक, रेडिएटर कुठं ठेवणार? मांडीवर?"

सगळे हसले. ज्या माणसाच्या स्वतःच्या विमानाचे इंजिन तेल इतके पिते की त्याला तेलाच्या डब्यासाठी वेगळी जागा करावी लागली, तोही हसला. म्हणजे ड्वेनच.

घरी येऊन लाकडी पंखा मागवला. ओरेगॉनचा एक वृद्ध कारागीर हाताने कोरतो. त्याने फोनवर विचारले, कुठल्या बाजूने फिरणारा? मी म्हणालो, ज्या बाजूने सगळ्यांचे फिरतात त्याच. हा काय प्रश्न झाला?

१८ जानेवारी

श्वशुरांनी ते लोहयुगीन इंजिन ड्वेनला दिले. चक्क दिले! ड्वेन ट्रकमधून ते नेताना मी तेथे होतो. श्वशुर ट्रकमागे फाटकापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "ड्वेन, हळू हाक रे बाळा."

बाळा. ड्वेन एकोणसाठचा आहे.

मला लवमात्र दुःख नाही. उलट त्या जीर्णवस्तूला योग्य अधिपती लाभला याचा आनंदच आहे. रात्री जेवण गेले नाही, त्याचे कारण मार्लिसने भाजलेले कॅसरोल.

८ फेब्रुवारी

मोटार-इंजिन, रेडिएटर, पाणी, नळ्या, संगणक, दुसरी बॅटरी हे सर्व काट्यावर चढवले. अंदाजापेक्षा एका मार्लिसइतके जास्त भरले. हे मार्लिसला सांगितले. सांगायला नको होते.

विमानाचे नाक जड होणार. उपाय निघाला: वैमानिकाने कृश व्हावे. उद्यापासून साखर, लोणी, बिअर आणि चीज वर्ज्य.

९ फेब्रुवारी

विस्कॉन्सिनमध्ये चीज वर्ज्य करणे म्हणजे समाजाशी द्रोह. संकल्पातून चीज वगळले.

१० फेब्रुवारी

आणि बिअर.

८ मार्च

पट्ट्याने वीट आणला. इंजिन सुरू करताच हँगरमध्ये अशी किंकाळी उठते की ड्वेन धावत आला आणि विचारू लागला, "डॉक, भूल न देताच काढली का?" पट्टा ताणला तर धूर, सैल सोडला तर किंकाळी. पिठाच्या गिरणीत शोभणारी वस्तू गगनविहारासाठी योजणे मुळातच अशिष्ट होते. पट्टा कचऱ्यात. त्याऐवजी दातेरी चाकांची पेटी मागवली: एक लहान चाक, एक मोठे, एकाचे दाते दुसऱ्यात घट्ट रुतलेले. दातांच्या बाबतीत या परगण्यात मला कोणी शिकवू नये.

पंखा आला. अक्रोड आणि मेपलचे थर, आरशासारखा तकतकीत. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात टांगला. रुग्णांच्या मुद्रेवर प्रथमच दातांव्यतिरिक्त काही भाव दिसले.

१९ एप्रिल

इंजिन विमानावर चढले, पेटी इंजिनावर. श्वशुर हँगर पाहायला आले. स्वतःहून! माझा ऊर भरून आला. त्यांनी विमानाभोवती सावकाश एक चक्कर मारली, रेडिएटरकडे पाहून नाक मुरडले, खिशातून रुमाल काढून ते पुसले (नाक, रेडिएटर नव्हे), मग पेटीवर बोट टेकवून म्हणाले, "दोन चाकं?"

म्हणालो, दोन.

"मग दुसरं उलटं फिरणार. पंखा तोच ठेवलायस का?"

तीस वर्षे मी लोकांच्या मुखातील दात पाहत आहे. चाकाचे दाते कोणत्या बाजूला वळतात हे मी पाहिले नसेल? परंतु वृद्धांचा मान राखावा म्हणून म्हणालो, खात्री करून घेतो.

ते गेल्यावर केली. विमानाचे नाक भिंतीला भिडलेले होते, पुढून पाहायला जागा नव्हती. पण मी काय सामान्य विमानबांधा आहे? दवाखान्यातला लांब दांड्याचा आरसा आणला, तो नाकापुढे धरला आणि पंख्याविना स्टार्टर फिरवला. आरशात पंखा बसवायचा दांडा अगदी योग्य बाजूला फिरताना दिसला. तीस वर्षांच्या व्यासंगाचे फळ! श्वशुरांना फोन करून कळवले. ते म्हणाले, "आरशात?" म्हणालो, आरशात. ते मग म्हणाले, "तुझं तोंड, तुझे दात," आणि फोन ठेवला.

प्रशंसा करण्याची त्यांची ही रीत असावी.

१० मे

पॅनकेक न्याहारी. आज सरबतही कोमट. ड्वेनने सर्वांसमक्ष आठवण करून दिली की नव्या विमानाने चाचणीचे तास एकट्याने पूर्ण केल्याखेरीज त्यात प्रवासी बसवायला सरकारची परवानगी नाही. मग चौदा जूनला एमिल कसे बसणार? त्याचे स्वतःचे विमान, म्हणे, श्वशुरांच्या त्या इंजिनावर गेले महिनाभर 'शिवणयंत्रासारखे' उडत आहे. कोणी विचारले होते?

रात्री थँक्सगिव्हिंगच्या प्रतिज्ञेचा पुनर्विचार केला. 'आकाशात नेईन' याचा शब्दशः अर्थ घेणे हे अरसिकतेचे लक्षण होय. मूळ भाव असा होता की त्या दिवशी इंजिन प्रथमच पंख्यासह गर्जेल आणि श्वशुरांचे चित्त आकाशात जाईल. मार्लिसला हा भाव समजावून दिला. ती म्हणाली, "नॉर्बर्ट, बाबांनी त्या दिवसासाठी जुनं कातड्याचं जाकीट तेल लावून ठेवलंय."

आता हे मला कोणी सांगितले होते?

२ जून

संकल्प: बारा दिवसांत चाचणीचे सर्व तास पूर्ण करणे.

५ जून

रेडिएटर गळतो. संकल्प स्थगित. रेडिएटर बनवणाऱ्याला, मोटारीला, आणि सर्वप्रथम त्या हरणाला माझा धिक्कार असो. हरीण क्षणभर आधी रस्ता ओलांडते तर मी आज श्वशुरांचे इंजिन वापरत असतो. हे वाक्य खोडायचे होते, पण पेन शाईचे आहे.

१४ जून, सकाळी

हवा निर्मळ, वारा शून्य. पंखा कालच प्रतीक्षागृहातून उतरवून विमानाच्या नाकावर बसवला. आज शाखेची न्याहारी आणि श्वशुरांचा वाढदिवस एकत्र. आमच्यात कोणाचेही इंजिन प्रथम सुरू व्हायचे असेल तर विमानाची शेपटी दोराने ट्रकला बांधतात, म्हणजे ते पुढे सुटत नाही. माझा नवा ट्रक मागे उभा केला. शेपटीपासून त्याच्या कड्याला दोर बांधला. चाकांपुढे लाकडी ठोकळे ठेवले. नाक मुद्दाम न्याहारीच्या जागेच्या, म्हणजे क्लबघराच्या दिशेने ठेवले, पुरेसे अंतर राखून, जेणेकरून उपस्थितांना यंत्राचे आणि माझे दर्शन समोरून घडावे.

ड्वेन म्हणाला, "डॉक, चाकांच्या मागंही ठोकळे लाव."

विचारले, विमान कधी मागे गेलेले पाहिले आहेस?

श्वशुर क्लबघराच्या ओट्यावर पहिल्या खुर्चीत बसले आहेत. तेल लावलेले जाकीट घालून. जूनमध्ये.

आता जातो. पुढची नोंद त्यांनी मला कशी हाक मारली याची असेल.

१४ जून, दुपारी

यथाक्रम लिहितो.

इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. गर्जना भव्य. पंखा फिरू लागला. मी ओट्याकडे पाहून हात हलवला आणि पाहिले की ओटा किंचित दूर गेला आहे.

दृष्टिभ्रम. वेग वाढवणारा थ्रॉटलचा दांडा थोडा पुढे केला. ओटा आणखी दूर गेला.

येथे मी असा निष्कर्ष काढला की मागचा दोर रबरासारखा ताणून विमानाला खेचत आहे, आणि त्यावर मात करण्यासाठी अधिक शक्ती हवी. म्हणून थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला.

एव्हाना वारा, जो सर्व विमानांत मागे जातो, तो माझ्या विमानातून पुढे जाऊ लागला होता. क्लबघराकडे. प्रथम कागदी बशा उडाल्या. मग पिठाची पिशवी फुटली. ओट्यावरचे सर्व जण पांढरे झाले, मेणबत्त्यांसकट केक आडवा झाला, आणि धुक्यातून ड्वेन दोन्ही हात हलवत "बंद कर, बंद कर" असे ओरडताना दिसला. मी त्याला जल्लोष समजलो.

नंतर मागून 'धप्' आणि त्यानंतर 'कर्रर्र'.

शेपटी ट्रकच्या मागच्या फळीत शिरली होती. दोर जमिनीवर सैल पडला होता, पूर्ण शाबूत. त्याला दिवसभरात कोणी ताणलेच नव्हते.

ड्वेन धापा टाकत आला, पंख्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले, आणि म्हणाला, "डॉक, हा उलटा फिरतोय. बघितलं नव्हतंस का?" म्हणालो, पाहिले होते. "कशात?" म्हणालो, आरशात. तो तेथेच गवतावर बसला. त्याला हसता येईना. पिठाचा ठसका लागला होता.

हे लोक! ही न्याहारी! हा छंद! दंतवैद्याने दातेरी पेटीकडून अशी फसवणूक सोसावी! मला सर्वांचा समप्रमाणात उबग आला आहे, आणि हिशेबात चूक नको म्हणून लिहितो, त्यात माझाही हिस्सा आहे. लहानसा.

मार्लिस आली. तिने माझ्या खांद्यावरचे पीठ झटकले. मग आम्ही दोघेही ओट्याकडे पाहू लागलो, कारण ज्याच्यासाठी हे सर्व, तो मनुष्य तेथून उठून आमच्याकडे येत होता.

श्वशुर जवळ आले. भुवया पांढऱ्या, जाकीट पांढरे. त्यांनी पंख्याच्या पात्यावरून हात फिरवला, अगदी हळुवार. ट्रकच्या फळीत रुतलेली शेपटी पाहिली. आणि हसू लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळे पुसत. सासूबाई गेल्यापासून त्यांना असे हसताना कोणी पाहिले नव्हते. मार्लिसने माझा हात घट्ट धरला.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी कान टवकारले.

"नॉर्बर्ट," ते म्हणाले.

सव्वीस वर्षांनी! उच्चार निर्दोष.

"नॉर्बर्ट, तेवढा ट्रक बाजूला घे. ड्वेनला विमान बाहेर काढायचंय. मला वर नेतोय तो."

शेपटी फळीतून सोडवून, दोर सोडून मी ट्रकमध्ये बसलो. आरशात पाहिले: श्वशुर ड्वेनच्या विमानाकडे निघाले होते. त्यांचे इंजिन एका फेऱ्यात सुरू झाले. वारा मागे गेला.

ट्रक, नोंद असावी, पुढच्या गिअरमध्ये टाकल्यावर पुढेच गेला.