दोन अॅक्सलमधलं अंतर

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आली! दोन महिने वाट पाहायला लावली, पण आली. आधी चहा केला, प्याले, कप धुऊन ठेवला, मग खोकं कापलं. ह्यांची नवी गाडी, कंपनीचा ट्रक, हुबेहूब — पुढे चाकांचे दोन अॅक्सल, मागे दोन, केबिनमध्ये सीटमागे झोपायचा बर्थ. पन्नासपट लहान. ओतीव धातूची, तळहातावर चांगली जड लागते. डावा आरसा निखळला होता, तो चिमट्याने धरून चिकटवला. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं काचा बसवतेय, त्याचा घरी हाच काय तो उपयोग.

एकशे त्रेसष्टावी.

हे कपाटासमोर उभे राहून म्हणाले, घरात माझ्यापेक्षा माझ्या गाड्यांना जास्त जागा आहे. वर सासूबाईंची पुस्ती — त्या निदान वेळेवर घरी असतात.

शेजारीण म्हणते, मूलबाळ नाही म्हणून बाई खेळण्यांत जीव रमवते. म्हणू दे. पहिली घेतली तेव्हा लग्नाला चारच महिने झाले होते. हे आठ-आठ दिवस बाहेर. डोळ्यांसमोर आणावं म्हटलं तर कुठे बसतात, कुठे पाठ टेकतात तेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून घेतली. मग नाद लागला तो लागलाच.

१२ ऑक्टोबर, रविवार

हे निघाले. घाटापलीकडे माल उतरवून गुरुवारी परत. डबा विसरले. भाऊजी कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन देऊन आले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी एकला फोन होता. घाटाखाली आहे, आता चढतोय, वर रेंज नसते. कंपनीची दुसरी गाडी मागे आहे. मी एका बाईच्या चष्म्याची काडी बसवत होते. "बरं, ठेवते" एवढंच म्हटलं.

साडेचारला दुकानाचे मालक मोबाइल घेऊन आत आले. घाटात दरड कोसळली. दोन ठिकाणी.

तेव्हापासून फोन लावतेय. बंद.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊजी आणि मी निघालो. निघताना, का कोण जाणे, नवी गाडी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मी मागे वळून पाहिलं नाही.

रस्ता अडवलाय. अर्धा तास चालत वर गेलो. डोंगराच्या कुशीचा एक अख्खा भाग खाली आलाय. झाडं मुळं वर करून पडलीत. नुसता चिखल, आणि त्यात ट्रकएवढे दगड. नातेवाइकांसाठी तंबू ठोकलाय. सात-आठ प्लास्टिकच्या खुर्च्या.

कंपनीचा मॅनेजर तिथेच होता. त्याचं म्हणणं — त्या वेळी घाटात कंपनीच्या दोन गाड्या होत्या, दोन्ही एकाच मॉडेलच्या. पुढची ह्यांची, मागची दुसऱ्या ड्रायव्हरची. वरच्या दरडीत एका ट्रकची चाकं दिसताहेत. वरची म्हणजे पुढची. म्हणजे ह्यांची. दुसरी खालच्या वळणावर गाडली गेली असावी, तिथे अजून काहीच दिसत नाही.

दुसऱ्या ड्रायव्हरची बायको माझ्या आधीपासून येऊन बसली आहे. करड्या शालीत. तिने सरकून मला जागा दिली. माझ्याहून लहान असेल, पस्तिशीची.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दोन मशिनं. एक वर, एक खाली. दर तासाला सगळे आवाज बंद करतात. बचाव पथकातला एक जण पत्र्यावर हातोडी मारतो, मग सगळे कान देतात. काही नाही.

पथकाचे साहेब वयस्कर आहेत. घसा बसलेला. खोटा धीर देत नाहीत. त्यांनी सांगितलं, गाडी कुशीवर पडली आहे, दिसतात ती मागची चाकं, केबिन उताराच्या बाजूला खोल गेली असणार, तिकडूनच खणतोय. बारा मीटर लांबीची गाडी. दिवसभरात तीन मीटर झालं, आणि संध्याकाळी त्यातलं निम्मं पुन्हा ढासळलं.

भाऊजी बळेच खायला घालतात. 

एक लिहायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. आज तिच्याशेजारी बसल्या बसल्या मनात आलं — दोघांतला एकच वाचणार असेल तर माझा वाचू दे. अगदी असंच, शब्दाला शब्द. त्याच वेळी ती मला विचारत होती, ताई, पाणी आणू का तुमच्यासाठी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज हे परत यायचे होते.

सकाळी साहेबांनी मला आणि भाऊजींना दोरीपर्यंत जाऊ दिलं. तीस-चाळीस पावलांवर चाकं. दोन, एकामागे एक, चिखलाने लिंपलेली. मी बघत राहिले. काहीतरी खटकत होतं. काय ते कळेना. तंबूत येऊन रुमाल सोडला, गाडी मांडीवर आडवी केली आणि पुन्हा त्या चाकांकडे पाहिलं.

अंतर! दोन चाकांमधलं अंतर जास्त होतं.

ह्या गाडीला मागे दोन अॅक्सल आहेत तसे पुढेही दोन आहेत. मागचे एकमेकांना अगदी खेटून, पुढचे जरा लांब. भाऊजींच्या पिशवीत त्यांच्या मुलीची सहा इंची पट्टी निघाली, तिने मोजलं. पुढचं अंतर अडतीस मिलिमीटर, म्हणजे खऱ्या गाडीत एक मीटर नव्वद. मागचं सत्तावीस. एक मीटर पस्तीस.

साहेबांकडे गेले. आधी एका जवानाने अडवलं, म्हणाला, बाई, हातात खेळणं घेऊन कुठे निघालात? भाऊजी त्याच्या अंगावर धावून जाणार होते. तेवढ्यात साहेबच पुढे आले. मी मोजमापं सांगितली. आणखी एक सांगितलं — मागच्या चाकाची मधली तबकडी वाटीसारखी आत गेलेली असते, पुढच्याची बाहेर फुगलेली. चिखल पुसून बघा. फुगलेली असेल तर ती पुढची चाकं आहेत, आणि केबिन डोंगराच्या बाजूला आहे. गाडी मातीबरोबर अख्खी फिरली आहे. तुम्ही मागच्या टोकाने खणताय.

साहेबांनी गाडी माझ्या हातातून घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. कुणाला तरी टेप घेऊन पाठवलं. तो पोटावर सरपटत गेला, दोरी बांधून. तिथूनच ओरडला —

"एक नव्वद! आणि तबकडी बाहेर आहे!"

साहेबांनी गाडी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, अडीच दिवस फुकट गेले.

वरचं मशीन वळवून डोंगराच्या बाजूला न्यायला दुपार झाली. पण एका मशीनने भागेना. वरून माती सतत घसरते, एकाने ती अडवून धरायची, दुसऱ्याने खणायचं. खालचं मशीन वर आणलं तर खालचं काम बंद पडणार. साहेब अडखळले. मला म्हणाले, खालीही माणूस आहे, बाई.

मी म्हटलं, "आहे हे तुम्हाला दिसलंय का? खाली अजून एक चाकसुद्धा दिसलेलं नाही. इथे केबिन कुठे आहे ते माहीत आहे. आणा ते मशीन वर."

ती मागेच उभी होती. करडी शाल. मला माहीत होतं ती उभी आहे.

तिने माझ्याकडे पाहिलं.  खुर्चीवर जाऊन बसली आणि शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

चार वाजता खालचं मशीन वर आलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अकराला आवाज बंद केले. पत्र्यावर तीन ठोके मारले.

आतून दोन आले.

मी दोरीपर्यंत धावले. भाऊजी लहान मुलासारखे हुंदके देत होते. मी हाका मारत सुटले, अहो, मी आहे, इथेच आहे. साहेबांनी गप्प केलं नाही, म्हणाले, मारा हाका, माणसाला बरं वाटतं ऐकून. दोन तास मारल्या. घसा फाटला.

दारांपर्यंत जाता येत नव्हतं. मी गाडीवर बोट ठेवून दाखवलं — इथे बर्थ, त्यावर पत्रा एकेरी आहे, इथून कापा. तिथूनच कापलं. तिन्हीसांजेला बाहेर काढलं. आपादमस्तक चिखल, डोळ्यांवर पट्टी, नाकातोंडावर मास्क. मला एक हात दिसला. हलत होता. अँब्युलन्समध्ये जागा नव्हती, साहेबांनी स्वतःच्या जीपने आम्हाला हॉस्पिटलला पाठवलं.

वॉर्डबाहेर बाकावर बसून लिहितेय. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, एक पाय मोडलाय, स्वच्छ करतो मग भेटा. सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, त्याला सांग, वेळेवर घरी ये.

निघताना ती तंबूत एकटी होती. मला म्हणाली, ताई, सुटलात. मी तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही. उद्या दोन्ही मशिनं खाली जातील. मी स्वतः जाऊन उभी राहीन तिच्याबरोबर. राहीनच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

नर्सने पडदा सरकवला. हे नव्हते.

आधी वाटलं, चेहरा सुजलाय म्हणून ओळखू येत नाही. मग त्याने डोळे उघडले, आणि डोळे दुसऱ्याचे होते. तो तिचा नवरा. करड्या शालीतलीचा.

तुटक तुटक बोलला. घाट सुरू झाल्यावर दोघे चहाला थांबले होते. हे म्हणाले, तू हो पुढे, मी टायर बघून येतो. हा पुढे गेला. हे मागे. मागे म्हणजे खाली.

तो चार दिवस बर्थवर होता. कॅनमधलं पाणी झाकणाने मोजून प्यायला. हाका ऐकू येत होत्या म्हणाला. माझी बायको असं ओरडत नाही, तरी बरं वाटत होतं.

ती आली. आल्या आल्या नवऱ्याकडे नाही, आधी माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात धरून उभी राहिली.  

मशिनं खाली नेली आहेत. भाऊजी पहाटेच तिकडे गेले.

१९ ऑक्टोबर, रविवार

हे सापडले. मी तिथेच उभी होते. केबिन फारशी दबली नव्हती. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तासातच गेले असणार, कुणाला काही करता आलं नसतं. भाऊजी मला तेच पुन्हा पुन्हा सांगताहेत. मी मान डोलावते.

बर्थवर पाच लिटरचा कॅन होता, तो मी पाहिला. रिकामा. झाकण उलटं करून शेजारी ठेवलेलं.

भाऊजींना सांगितलं नाही. कुणालाच नाही.