आंबेगडच्या युवराजांसाठी

तळेगाव, ६ जानेवारी १९५७
आंबेगडचे कारभारी हिंदुराव येऊन गेले. युवराजांसाठी मुलगी बघताहेत. माझी भाची रंभा त्यांच्या मनात आहे. संस्थान विलीन झालं म्हणून घराणं काही विलीन होत नाही.
त्या घराला कशी सून लागते, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? १९१७ साली त्यांनी मला पाहिलं होतं. आत्ताचे राजेसाहेब तेव्हा युवराज. 'कळवतो' म्हणाले. पत्र काही आलं नाही. टपालात गहाळ झालं असणार. त्या वर्षी साथ होती. पुढे बाकीची स्थळं मला लहानच वाटली.

७ जानेवारी, सकाळ
निश्चय. रंभाने रोज अर्धा तास नजर खाली ठेवून चहाचा ट्रे आणायचा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा. मी तेव्हा बघितलं होतं. त्यांच्या घोड्याचं नावही विचारलं. 'डेझी' म्हणाले आणि हसले. म्हणजे राग आला नव्हता. तरी आपली खबरदारी.

११ जानेवारी
दुसरा कप फुटला. रंभा म्हणते, खाली बघितलं की उंबरा दिसतो, पण समोरून येणाऱ्या स्वयंपाकीण शालनबाई दिसत नाहीत. शालनबाईंनी स्वयंपाकघरात हसू नये.
रंभा पिंपरीच्या औषध कारखान्यात बाटल्या तपासते. हे हिंदुरावांना सांगायचं नाही. लग्नानंतर सुटेलच.

२० जानेवारी, रविवार
युवराज आले. बुटांवर स्टेशन रोडची धूळ. मोटार वाटेत बिघडली असावी. कॉलर उलटवून शिवलेली. केवढा साधेपणा.
रंभाने एकदाही मान वर केली नाही. दिवसभर काय करता, असं त्यांनी तिला विचारलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मी टेबलाखाली तिचा हात दाबला आणि म्हटलं, भरतकाम. उत्तम झालं. हिंदुराव 'कळवतो' म्हणाले.
संध्याकाळी रंभा म्हणाली, आत्या, ते उन्हातून चालत आले होते, मला पाणी तरी विचारू द्यायचं होतंस.

३ फेब्रुवारी
पत्र नाही. हल्ली टपालाचं काही खरं नाही.

१० फेब्रुवारी
हिंदुराव स्वतःच आले. युवराज पुढच्या महिन्यात पिंपरीच्याच कारखान्यात कारकून म्हणून लागताहेत. बेळगावची एक शिक्षिका पक्की झाली.
"मुलगी गुणी आहे, ताईसाहेब. पण युवराजांना मान वर करून बोलणारी हवी होती. नोकरी करणारी."
रंभा कुठे जाते, ते मी आता सांगितलं. 
मग मी सहज विचारलं, सतरा सालचं पत्र टपालातच हरवलं ना?
त्यांनी कप बशीत नीट ठेवला.
"ते मीच घेऊन आलो होतो. तुमच्या आबांच्या हातात दिलं. मुलगी नजरेला नजर देते, एवढंच लिहिलं होतं."

११ फेब्रुवारी
रंभाला सगळं सांगितलं. ती सातच्या गाडीला निघाली. फाटकापाशी थांबली, वळली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.
मी खाली बघितलं.