घाटाच्या काचेवरचं आभाळ

आप्पा, तुमच्या घाटाच्या फोटोची काच आज धुतली. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, परवानगी कुणाकडे मागणार?

तो फोटो काढलात तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. घाटातल्या रेल्वेचे फोटो काढून तुम्ही सोलापूरला परतलात, निगेटिव्हच्या काचा धुऊन वाळत ठेवल्यात आणि दमून फोटोच्या दुकानातच आडवे झालात. काचांवरचे डाग झाकायचं काम माझं. एका काचेवर पूल, बोगद्याचं तोंड, इंजिन, सगळं स्पष्ट होतं. वर मात्र काळसर पट्टा; निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो. काचेला चुकून उजेड लागला, असं मी ठरवलं. आपल्या कोरड्या, मोकळ्या आभाळाखाली वाढलेली मी. दरीतून धुकं वर चढतं हे मला माहीत नव्हतं. फोटोत आभाळ कोरं पांढरं यावं म्हणून मी ते सगळं उजेड अडवणाऱ्या लाल रंगाने भरून टाकलं.

तुम्ही उठलात, काच उजेडाकडे धरलीत.

"डाग न्हाय तो. खालनं धुकं, वरनं इंजनाची वाफ. दोन्ही जुळायची वाट बघत तीन दिस उभा होतो मी."

"मला वाटलं, काच बिघडली."

"काच बरी हाय. तू डोंगरच बघितला न्हाईस की."

आता तुम्ही काचांना हात लावू देणार नाही, एवढंच मला कळत होतं. तुम्ही म्हणालात, "उद्या चल. कॅमेऱ्याची तिपाई तू उचलायची."

मग घाटात, बोगद्याबाहेर आपण उभे आहोत. रूळ तपासणारा विचारतो, "फोटोवाले, पुन्हा? मागच्या गाडीने तोंड वाकडं केलं होतं का?" तुम्ही हसता. आधी पायाखालची जमीन हलते, आवाज मागून येतो. एक इंजिन ओढतंय, एक मागून ढकलतंय. त्या कड्यापुढे दोन्ही खेळण्याएवढी, तरी सगळा कडा घुमतो. वाफ वर जाते, धुकं तिच्यात शिरतं, आणि माणसाचं कुठलं, डोंगराचं कुठलं, सांगता येत नाही. फोटोसाठी कॅमेऱ्याचं झाकण काढायचं काम माझं, हात त्यावरच आहे. मी ते काढायचं विसरते. गाडी निघून जाते.

"बघितलंस न्हवं?" तुम्ही म्हणता. "मग झालं."

रंग काचेच्या कोऱ्या बाजूलाच लावायचा, चित्र उमटतं त्या मसाल्याच्या बाजूला कधी नाही, असं तुम्ही शिकवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. ते मुंबईला शिकताना कळलं. कोऱ्या बाजूचा रंग ओल्या कापसाने निघतो. म्हणजे माझा रंग पुसता येतो हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी ती काच तुम्ही तशीच, लाल, जपून ठेवलीत.

आज कापूस फिरवला. धुकं आणि वाफ जागच्या जागी आहेत. हे पत्र काचांच्या खोक्यातच ठेवीन. धुण्याआधी मी माझ्या कोऱ्या आभाळाचा एक फोटो छापून घेतला. तो चुकीचा आहे. फाडवत नाही.