डोहाच्या कुळातला भाऊ

मस्विंगो,
मंगळवार, ११ जून

प्रिय आत्या,

रीतीप्रमाणे गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. यंदा इथे जूनचा हिवाळा फार कडक आहे. आईचा खोकला आता बरा. तू पाठवलेले भुईमूग पोचले, अर्धे मी शाळेतच संपवले. शेळी व्याली का? फोन सदा बाबांच्या उशाशी असतो, म्हणून हे पत्र तुझ्या गावी, गुटूला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे.

आमच्या वर्गात गारिकाई म्हणून एक मुलगा आहे. गेल्या महिन्यात तो मला घरापर्यंत सोडायला आला आणि नेमके बाबा बाहेर आले.

"हा कोण?"

मी घाबरून बोलून गेले, "आपल्याच कुळातला, बाबा. डोहाचा."

बाबांचा चेहराच उजळला. "मग माझा मुलगाच की! बाहेर काय उभा राहतोस, बाळा? बहीण वाढेल, जेवून जा."

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून तो आमच्याकडे जेवायला येतो. बाबा त्याला कुळाची स्तुती शिकवतात. तो अडखळला की म्हणतात, "बाप लवकर गेला ना, पोराला शिकवणार कोण?"

परवा गारिकाई मला म्हणाला, "रुवा, माझा बाप माकडाच्या कुळातला होता गं. तुमच्याकडे घास उतरत नाही."

काल तर कहर झाला. त्याची आई बाजारात सुकी मासळी विकते. तो तिथेच बसून मासळी खात होता आणि बाबांनी पाहिलं. मासा म्हणजे आपलं कूळच, आणि डोहाच्या माणसाने तो खायचा! बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तसेच घरी आले. मग आईला म्हणाले, "पोराचे दात पडतील. शनिवारी बाजारात जातो. नवऱ्याचं कूळ कशी विसरलीस, म्हणून त्या बाईला विचारतो."

भर बाजारात, आत्या. एका विधवेला. तिने काय केलंय?

प्रार्थनेला बसते आणि अर्ध्यातच उठते. कारण मी फक्त घाबरून खोटं बोलले नव्हते. भाऊ म्हटलं की त्याला घरात घेतील, हे मला ठाऊक होतं. आता त्याला ताट वाढताना माझी मान वर होत नाही. मला तो भाऊ म्हणून नको आहे.

मुलीचं असलं काही बापाच्या कानावर घालायचं ते आत्यानेच, अशी आपली रीत. शुक्रवारच्या बसने ये. आली नाहीस, तरी शनिवारी बाबांनी बूट घालायच्या आत मी सांगणार आहे. मग गारिकाईला आमचं दार बंद झालं तरी चालेल.

तुझ्या सख्ख्या भावाची मुलगी,
रुवारशे